पायातली भीती

"काका, तुमची दुसरी चप्पल कुठंय?" दारावरचा रखवालदार म्हणाला आणि मी हसलो. मला थट्टा वाटली. हॉस्पिटलची नवी इमारत झाल्यापासून रखवालदारही नवे आलेत, कडक इस्त्रीचे, आणि माजी सैनिकांशी हसून बोलायचं असं त्यांना कुणीतरी शिकवून ठेवलंय, त्यामुळं ते काहीही हसूनच बोलतात. बायकोनं एकच दिली, असं काहीतरी मी म्हणणार होतो. मग खाली बघितलं. उजव्या पायात चप्पल होती. डाव्यात नव्हती. डावा पाय उघडा, काळाठिक्कर, भाजल्यावर बांधलेली चिंधी सुटून लोंबणारी, करंगळीला बसचं तिकीट चिकटलेलं, आणि दारासमोरच्या पांढऱ्या फरशीवर टाचेखालून लालसर काहीतरी पुसल्यासारखं उमटलेलं. पँटचा काठ माझा होता, घोट्यावरचा जुना व्रण माझा होता, म्हणजे पायही माझाच असणार. पण त्यानं मला काहीच कळवलं नव्हतं. बसथांब्यापासून इथवर आधी खोदून ठेवलेला रस्ता आहे, त्याची खडी आहे, मग आरसे कापणाऱ्यांची दुकानं, त्यांच्या दारातला चमचमता चुरा, मग उन्हानं पाघळलेलं डांबर. त्या सगळ्यावरून मी एक पाय उघडा टाकत आलो होतो आणि चप्पल घालून चाललोय असं समजत होतो. लोकांनी बघितलं असेल. शहरातले लोक बघतात आणि पुढं जातात. म्हातारा आहे, येडा असेल.

"रक्त येतंय काका."

"रंग असेल."

"रंग?"

"रस्त्यावर पट्टे मारतात ना. ओला असतो."

बघा, किती पटकन येतं तोंडात. विचार करावा लागत नाही. कुणी दुखतंय का विचारलं की नाही म्हणायचं, रक्त म्हणालं की रंग म्हणायचं. रखवालदाराला पटलं नाही, पण त्याला हसायचं शिकवलंय, अडवायचं नाही. त्यानं दार उघडलं. खरं तर दार आपोआपच उघडतं, त्यानं नुसता हात केला. मी आत गेलो आणि आत गेल्यावर भीती वाटली.

भीती हा शब्द लोक फार स्वस्तात वापरतात. परीक्षेची भीती म्हणे, पालीची भीती म्हणे. मला काय झालं ते सांगतो. गार हवा अंगावर आली, गुळगुळीत फरशी समोर लांबच लांब पसरलेली, आणि मला पुढचं पाऊल टाकता येईना. उजवा पाय जमिनीवर आहे हे मला कळत होतं. डावा आहे की नाही हे बघून ठरवावं लागत होतं. डोळे वर केले की पाय नाहीसा. खाली बघितलं की आहे. जिन्यात अंधारात एक पायरी जास्त समजून पाय टाकतो तेव्हा पोटात जो खड्डा पडतो ना, तो खड्डा पडला आणि बुजेचना. तसाच उभा. माझ्यामागून काठी टेकत कुणीतरी आलं, "चला मालक, वाटेत पुतळा होऊन उभे राहू नका," म्हणालं आणि वळसा घालून गेलं.

आमचं काम सुरुंग काढायचं होतं. लढाई झाली की लढणारे घरी जातात, फुलं उधळून घेतात, आणि जमिनीत पुरलेलं मरण तिथंच राहतं, ते उकरायला आमच्यासारखे. एकामागं एक चालायचं. पुढच्याचा पाय जिथं पडला तिथंच आपला, बोटभर इकडंतिकडं नाही. सगळ्यात पुढं उस्ताद. त्याच्यामागं मी. मला बोका म्हणायचे, कारण मी पाऊल टाकलं तर आवाज येत नसे, बुटातून मला जमिनीतला दगड कळायचा, मुळी कळायची, नुकती उकरून दाबलेली माती आणि नुसती ओली माती यांतला फरक कळायचा. जन्मतः नव्हतं ते. उस्तादनं शिकवलं. पहिल्या दिवशी उचललेला पाय मी खाली टेकवेना, ते त्यानं बघितलं आणि कानाजवळ येऊन म्हणाला, "भीती वाटते? वाटू दे. पण पायात ठेव बोक्या. डोक्यात गेली की हात कापतो, पोटात गेली की माणूस पळत सुटतो. पायात ठेव, तिथं ती कामाला येते." तेव्हापासून मी तिला पायात ठेवली. फौज सुटली, शहरात आलो, गोदामावर नोकरी केली, पोरीचं लग्न केलं, भीती पायातच. रस्त्यात लोखंडी झाकण दिसलं की वळसा. फरशी हलली की पाय मागं. बागेत गवतावर बसायचं नाही. बायको म्हणायची, "तुमच्याबरोबर फिरायला जाण्यापेक्षा खेकड्याबरोबर गेलेलं बरं, तो निदान एकाच बाजूला तिरका जातो." पण ती भीती मला माहीत होती. भाडं देणारी भाडेकरीण होती, आपल्या खोलीत राहायची. आता पाय मेला आणि ती बेघर झाली. पोटरीतून वर आली, मांडीतून वर आली, आणि आता त्या चकचकीत दालनात ती माझ्या घशाशी येऊन बसली होती, आणि तिला काय बोलावं ते मला कुणी शिकवलेलं नव्हतं.

पाठीत माझ्या तांदळाच्या दाण्याएवढा लोखंडाचा तुकडा आहे. मणक्याला खेटून. जुन्या हॉस्पिटलातला एक डॉक्टर होता, कायम वैतागलेला, त्यानं सांगितलं होतं, झोपलेल्या कुत्र्याला उठवायचं नाही, पण पाय बधिर व्हायला लागला तर त्याच दिवशी माझ्याकडं ये, दुसऱ्या दिवशी नको, कारण ते वर चढतं, आणि एकदा चढलं की लघवी, संडास, सगळं गेलं समज. असं तोंडावर बोलायचा. आता तो डॉक्टर नाही, ते हॉस्पिटल नाही. जुनं ते सोनं असलं काही मी म्हणणार नाही. जुनं भंगार होतं. भिंतींना ओल, बाकावर ढेकूण, सकाळी जाऊन बसायचं ते संध्याकाळी कुणीतरी खेकसून हाकलेपर्यंत. ते पाडलं ते बरंच झालं. पण तो वैतागलेला डॉक्टर कुणाला काही विचारायचा नाही. त्याला ठाऊक होतं की आम्ही खोटं बोलतो. बूट काढायला लावायचा आणि बोलता बोलता पायाला टाचणी टोचायचा. ओरडलास की बरा आहेस. नाही ओरडलास की, "कधीपासून लपवतोयस रे गाढवा?" एवढंच. त्याची टाचणी या नव्या इमारतीत कुठं ठेवायची ते बांधणाऱ्यांना सुचलं नसावं.

नवीन इमारतीत टाचणी नाही, खांब आहे. माणसाच्या उंचीचा, पांढरा, छातीच्या जागी काच. त्याच्यासमोर रांग लागते. आपली पाळी आली की खांबातून एक बाई बोलते, लाडानं, जणू आपण तापातून उठलेलं लेकरू, "नमस्कार. आज तुम्हाला कसं वाटतंय?" आणि काचेवर पाच चेहरे येतात. हिरवा हसरा, मग थोडा कमी हसरा, मग सरळ ओठांचा, मग पडलेला, मग लाल, रडका. बोट ठेवायचं. हिरव्याला ठेवलं की टिंग असा गोड आवाज होतो आणि उजवीकडचं दार उघडतं, तिथं गोळ्यांची पिशवी तयार असते, घ्यायची आणि घरी. लालला ठेवलं तर डावीकडचं दार. तिथं तपासायची खोली, तिथं डॉक्टर. कुणा हुशार माणसानं गार खोलीत बसून हे ठरवलं असणार, आणि चांगल्या मनानंच ठरवलं असणार, तेच तर रडं आहे. त्याला कुणी सांगितलंच नाही की डावीकडं म्हणजे काय.

डावीकडं म्हणजे सांगतो. फौजेत रोज सकाळी सगळी पलटण उभी राहायची आणि साहेब ओरडायचा, "आजारी, डावीकडे!" ज्याला बरं नाही त्यानं रांगेतून बाहेर पडायचं आणि सगळ्यांच्या देखत चालत डाव्या अंगाला जाऊन उभं राहायचं. तेवढं चालणं सुरुंगातून चालण्यापेक्षा वाईट. आमच्यात एक पोरसवदा शिपाई होता, त्याला नाटक्या म्हणायचे, कारण तो नकला छान करायचा, साहेबाच्या चालीची तर अशी करायचा की साहेबाची बायको फसली असती. एके दिवशी तो डावीकडं गेला. पोटात दुखतंय म्हणाला. साहेब म्हणाला, "वा, आज कुणाची नक्कल?" सगळी पलटण हसली. गोळी दिली, मैदानाला पळत फेऱ्या मारायला लावल्या, चार फेऱ्या मारल्यावर नाटक्या खाली बसला, तरी साहेबाला वाटलं अजून नक्कलच चाललीय. तो ट्रकमध्येच मेला, हॉस्पिटलच्या वाटेवर. आतडं फुटलं होतं. त्या दिवशी उस्तादनं आम्हाला गोळा केलं. त्याचा चेहरा मातीसारखा झाला होता. "आजपासून माझ्या तुकडीतला एकही माणूस डावीकडं जाणार नाही," तो म्हणाला. "दुखलं खुपलं तर मला सांगायचं. साहेबाला काय सांगायचं? काही तक्रार नाही. काय सांगायचं?" आम्ही ओरडलो, काही तक्रार नाही. आणि उस्तादनं ते निभावलं. ताप आला तर आमचं ओझं स्वतः उचललं, रात्र रात्र पाय चोळले, कुणाला हगवण लागली तर त्याच्या जागी पहारा दिला. त्या वाक्यानं आम्हाला जगवलं. आईनं शिकवलेली वाक्यं विसरलो, हे नाही विसरलो.

म्हणून ही रांग. आमची तुकडी महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, सगळी मिळून येते. बोलावलेलं नसतं तसं, सवय. उस्ताद पुढं, त्याच्यामागं मी, मग बाकीचे, जेवढे उरलेत तेवढे, त्याच जुन्या क्रमानं, मेलेल्यांच्या जागा सरकून भरलेल्या. उस्ताद खांबापाशी जातो, बोट ठेवतो, टिंग. मी जातो, टिंग. मागचा, टिंग. टिंग, टिंग, टिंग. त्याच्या पावलावर आमचं पाऊल, त्याच्या बोटावर आमचं बोट. एकाचं मूत्रपिंड गेलंय, एक झोपेत किंचाळतो म्हणून त्याची सून त्याला गच्चीवर झोपवते, एकाला थुंकीतून रक्त पडतं, आणि सगळे हिरवे. समोरच्या भिंतीवर मोठा पडदा आहे, त्यावर जवळजवळ सगळ्याच माजी सैनिकांना उत्तम वाटत असल्याचं ठळक अक्षरात येतं आणि बाजूला एक म्हातारा-म्हातारी दात दाखवून हसत असतात. दात तरी कुणाचे आहेत कोण जाणे.

मी रांगेच्या पुढच्या टोकाकडं बघितलं. उस्तादनं माझी जागा धरून ठेवली होती. तिथपर्यंत जायचं होतं. डोळे खाली लावले, डावा पाय डोळ्यांनी उचलला, डोळ्यांनी ठेवला. माझ्यामागं फरशीवर एकाआड एक ठसे उमटत होते. वळून बघायचं नाही असं ठरवलं आणि वळून बघितलं.

घरातून निघताना बायको म्हणाली होती, "आज सांगणार आहात ना? का नेहमीसारखी मिठाची गुळणी?" गेल्या आठवड्यात तिच्या हातून चहाचं पातेलं कलंडलं, माझ्या डाव्या पायावर. उकळता चहा. मी पेपर वाचत होतो आणि वाचतच राहिलो. ती ओरडली म्हणून मी वर बघितलं. तिच्या तोंडाकडं बघून मला वाटलं तिलाच भाजलं. तिनं माझा पाय मांडीवर घेतला, पाणी ओतलं, आणि कातडी तिच्या हातात सोलून आली तरी मी नुसता बघत होतो, शेजाऱ्याचा पाय बघावा तसा. मी म्हणालो, "एवढं काय, फौजेत असलं चालायचंच." ती म्हणाली, "फौज सुटून अर्धा जन्म झाला. साहेब मेला, त्याचा घोडा मेला, तुम्ही अजून ताठ उभे. कुणाला दाखवताय? मला? मला तुम्ही झोपेत पाय शोधताना दिसता." हे मला माहीत नव्हतं. मी झोपेत उठून बसतो म्हणे, आणि हातानं चाचपून बघतो डावा पाय आहे का. आज ती बरोबर यायला निघाली होती. मी नको म्हणालो. बायकोला घेऊन गेलो तर तुकडी काय म्हणेल. ती दारात उभी राहून म्हणाली, "ठीक आहे. पण लक्षात ठेवा, उद्या तुम्ही अंथरुणात पडलात तर तुमचं उचलायला तुकडी यायची नाही. मीच आहे. आणि माझं कंबरडं आत्ताच मोडलंय." हसत म्हणाली. तिचे डोळे हसत नव्हते.

"आला का बोका," उस्ताद म्हणाला. मागं वळला नाही. "आज एका पायाचा आवाज येतोय तुझ्या. एका पायाचा नाही."

"चप्पल तुटली."

"तुटली का सुटली?"

"सुटली."

"मग उचलायची होतीस."

उस्तादनं हात मागं केला, माझा खांदा सापडेपर्यंत हवेत फिरवला, आणि सापडल्यावर खांद्यावर ठेवला. हल्ली तो असं करतो. चालताना खांद्यावर हात ठेवतो. म्हातारपणी माणूस मायाळू होतो, मी समजत होतो. पेपर माझ्याकडून वाचून घेतो, चष्मा विसरलो म्हणतो. मागच्या वेळी चहाच्या टपरीवर त्यानं कप टेबलाच्या बाहेर ठेवला, अगदी शांतपणे, हवेत, आणि कप फुटल्यावर पोऱ्याला शिव्या दिल्या की टेबल का हलवलंस. आम्ही सगळे हसलो होतो. आता त्याच्या हाताचं वजन खांद्यावर घेऊन उभं असताना हे सगळं माझ्या डोक्यात एकामागं एक येत होतं, रांगेत आल्यासारखं, आणि तरी त्यांची बेरीज करायचं धाडस मला होत नव्हतं. स्वतःच्या पायाची भीती काय कमी होती, की उस्तादची भीती वर घ्यायची?

खांबाजवळ एक मुलगी उभी असते, निळ्या कोटातली, अडलेल्याला मदत करायला. पोरगी चांगली आहे. सगळ्यांना आजोबा म्हणते. तिनं टाळी वाजवली. "आजोबा लोक, जरा इकडं लक्ष द्या हं. आजपासून आपल्या मशिनमध्ये सुधारणा झालीये. चेहरे आता ओळीत नाहीत, गोलात येतील, आणि प्रत्येक वेळी जागा बदलतील. म्हणजे न बघता सवयीनं दाबलं जाणार नाही, काय? नीट बघायचं आणि मग दाबायचं."

"आमच्याकडं बघायला पोरी होत्या तेव्हा बघितलं नाही, आता चेहरे बघा म्हणे," मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. मुलगीही हसली.

"आणि आजोबा, एक सांगू का," ती आवाज उतरवून उस्तादला म्हणाली, पुढं होता म्हणून त्याला, "डावीकडची तपासणीची खोली पुढच्या महिन्यापासून बंद होतीये. कुणी जातच नाही ना. डॉक्टर नुसते बसून असतात. त्यांना दुसरीकडं पाठवतायत. म्हणजे चांगलंच आहे की, तुम्ही सगळे इतके फिट."

"फिट," उस्ताद म्हणाला. "एकदम फिट."

त्याचा हात माझ्या खांद्यावर होता म्हणून मला कळलं. शब्द ताठ होता, हात कापत होता. ज्या हातानं केसाएवढ्या तारा कापल्या तो हात. डोक्यात गेली की हात कापतो. उस्तादच्या डोक्यात गेली होती. आणि मग बेरीज झालीच, माझ्या परवानगीशिवाय झाली. टेबल. चष्मा. खांदा. एका पायाचा आवाज, म्हणजे त्यानं माझा पाय बघितला नव्हता, ऐकला होता. इतके महिने तो त्या काचेवर एकाच जागी बोट ठेवत होता, चेहरा बघून नाही, जागा पाठ करून. सगळ्यांच्या पुढं चालणाऱ्या माणसाला दिसत नव्हतं, आणि आम्ही त्याच्या पावलावर पाऊल टाकत निघालो होतो. वाटलं, मागं वळून ओरडावं, थांबा, कुणी हलू नका, आहे तिथं उभे राहा. सुरुंग सापडला की असंच ओरडायचं असतं. तेवढ्यात काच उजळली.

"नमस्कार," खांबातली बाई म्हणाली. "आज तुम्हाला कसं वाटतंय?"

उस्ताद पुढं झाला. बोट वर केलं. बोट काचेसमोर थांबलं, थोडं डावीकडं गेलं, थोडं उजवीकडं, मुंगीसारखं. मग त्यानं मान न वळवता, ओठ न हलवता म्हटलं, सुरुंगाच्या पट्ट्यात बोलायचो तसं, फक्त मला ऐकू येईल असं, "बोक्या. हिरवा कुठाय?"

मी त्याच्या शेजारी गेलो.

"किती दिवस झाले?" मी तसंच विचारलं.

"हिरवा कुठाय ते सांग."

"दोन्ही डोळे?"

"एक पार गेला. एकात धूर दिसतो. बाकी काही तक्रार नाही. बोट धर माझं आणि ठेव हिरव्यावर. चल, मागं लोक खोळंबलेत."

मी त्याचं बोट धरलं. जाड, खरबरीत, नखाचा तुकडा कायमचा उडालेलं. हे बोट मी ओळखत होतो. माझ्या पहिल्या तारेवर त्यानं माझं बोट असंच धरलं होतं, मातीत, कोपरापर्यंत हात घालून, आणि म्हणाला होता, मी आहे, तू फक्त बोट ढिलं सोड. मी सोडलं होतं. आता त्यानं सोडलं. बोट माझ्या मुठीत ढिलं, भरवशाचं, गरम. काचेवर चेहरे गोलात उभे होते. हिरवा वर होता. लाल खाली, उजव्या कडेला. दोघांच्या मध्ये वीतभर अंतर. एवढं अंतर मी जन्मात कापलं नव्हतं. हिरव्यावर ठेवलं तर तो टिंग ऐकून उजवीकडं जाईल, हात पुढं करून, पिशवी घेईल, आणि एक दिवस बसखाली जाईल. मग मी हिरवा दाबीन, मागचे हिरवा दाबतील, खोली बंद होईल, आणि हे माझ्या पायातलं चढत चढत कंबरेशी येईल आणि बायको मला उचलेल. लालवर ठेवलं तर? तर उस्ताद डावीकडं जाईल. सगळ्यांच्या देखत. माझ्या तुकडीतला एकही माणूस डावीकडं जाणार नाही म्हणणारा उस्ताद, आणि त्याला ढकलणारा बोका. भीतीनं माझ्या तोंडात लोखंडाची चव आली. आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो, तारा कापताना नाही, नाटक्याचा ट्रक रिकामा परत आला तेव्हा नाही. तेव्हा पुढं उस्ताद होता. आता पुढं कुणीच नव्हतं. काच होती, आणि काचेत दोन म्हातारे, एकमेकांचं बोट धरलेले.

मी बोट खाली आणलं आणि लालवर दाबलं.

टिंग झालं नाही. एक जाड, खालचा आवाज झाला, दारावर कुणी थाप मारावी तसा. उस्तादला त्या आवाजावरून कळलं. कळणारच. त्याचं सगळं आयुष्य आवाजावर गेलेलं.

"हा हिरवा नव्हता," तो म्हणाला.

"नव्हता."

"हरामखोर."

"हो."

डावीकडचं दार उघडलं. पूर्ण दालनात फक्त ते दार सरकल्याचा आवाज. निळ्या कोटातली मुलगी लगबगीनं आली. "अरे, चुकून दाबलं गेलं का आजोबा? काही हरकत नाही, मी रद्द करते, परत करू या." तिचं बोट काचेकडं गेलं. मी उस्तादकडं बघितलं. तो दाराकडं बघत होता, म्हणजे दाराच्या आवाजाकडं. चेहरा मातीसारखा. त्या दिवशी होता तसा. एक शब्द बोलला असता तर ती रद्द करणार होती. त्यानं एकदा मागं मान वळवली, रांगेकडं, जी त्याला दिसत नव्हती आणि जी त्याच्याकडं टक लावून बघत होती.

"नाटक्या किती फेऱ्या मारून पडला रे?" त्यानं मोठ्यानं विचारलं.

मला उत्तर माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं.

"राहू दे पोरी," तो मुलीला म्हणाला. "चुकून नाही. मला दिसत नाही."

"नमस्कार," खांब म्हणाला, कारण त्याला काय, पुढचा माणूस आला की बोलायचं. "आज तुम्हाला कसं वाटतंय?"

पुढचा माणूस मी होतो. चेहरे पुन्हा फिरून बसले. पाचांतला एकही घाबरलेला नव्हता. हसरे होते, रडके होते, घाबरलेला कुणी काढलाच नव्हता. "मला भीती वाटते," मी काचेला म्हणालो. आवाज माझा वाटला नाही, पण मोठा होता, मागं शेवटपर्यंत गेला असणार. "डावा पाय मेलाय. चप्पल सुटली ते कळलं नाही. ते रक्त आहे, रंग नाही."

"क्षमा करा, उत्तर समजलं नाही," खांबातली बाई म्हणाली. "कृपया एक चेहरा निवडा."

मी लाल निवडला. पुन्हा तो थाप मारल्यासारखा आवाज.

"चला," मी उस्तादला म्हणालो. "आता मी पुढं. खांदा धरा."

"वा रे नशीब," तो म्हणाला. त्याचा हात माझ्या खांद्यावर चाचपडत आला आणि घट्ट बसला, बोटं हाडात रुतली. "आंधळा आणि पांगळा. गोष्टीत निदान पांगळा खांद्यावर बसतो, त्याला चालावं लागत नाही."

"बोलू नका. मला पाय बघू दे."

दारापर्यंत फरशी चकचकीत होती, पाण्यासारखी. उजवा पाय ठेवला. डावा डोळ्यांनी उचलला, डोळ्यांनी ठेवला. तो जमिनीवर आहे की जमीनच नाही, हे मला अजूनही कळत नव्हतं. घशाशी बसलेली भीती खाली उतरली नव्हती. माझ्यामागं उस्ताद बरोबर माझ्या पावलावर पाऊल टाकत होता, न दिसता, आवाजावर, रक्ताच्या ठशावर त्याची चप्पल पडत होती, तिचा चिकट आवाज येत होता. दारातून दिव्याचा पांढरा उजेड येत होता, खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आत खरंच कुणीतरी होतं. उंबरठ्यावर आम्ही दोघं थांबलो. सांगून नाही. कान मागं लागले म्हणून.

"नमस्कार," खांब पुढच्याला म्हणत होता. "आज तुम्हाला कसं वाटतंय?"

आम्ही टिंग व्हायची वाट बघत उभे राहिलो. झालं नाही.

"आज तुम्हाला कसं वाटतंय?" खांबातल्या बाईनं पुन्हा विचारलं.